बाई गाडीला लेट म्हणत नसत

“बाई म्हणाल्या, येतीच आता. म्हणजे मामू, चहा सांगायला हरकत नाही.”

माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी हे हळूच म्हणालं आणि तीन-चार जण हसले. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या बाई प्लॅटफॉर्मच्या अगदी कडेला, कमरेवर हात ठेवून रुळांकडे बघत उभ्या होत्या. बुटक्या, गोल, फिकट निळी सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गळ्यात शिट्टी. मामूंनी चहा सांगितला. चहा आला, सगळ्यांचा पिऊन झाला, कागदी कप डब्यात गेले, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं आमची पॅसेंजर आली.

“बघा,” बाई मागे वळून म्हणाल्या, “म्हणलं नव्हतं का?”

तो माझा त्या गाडीचा पहिला दिवस होता. त्याआधी आम्ही शहरातच राहायचो. बाबांनी याच लाईनवरच्या एका छोट्या गावात घर बांधलं आणि आम्ही तिकडे गेलो, पण मला नोकरी लागली ती शहरात, क्रांती चौकाजवळच्या एका सीएच्या ऑफिसात. त्यामुळे सकाळी गाडीनं यायचं आणि संध्याकाळी गाडीनं परत जायचं. मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमची. मराठी मला येत होतं, घरी तेच बोलायचो, पण अनोळखी लोकांसमोर बोलायचं म्हटलं की आधी डोक्यात वाक्य तयार करायचे, ते दोनदा तपासायचे, आणि तोवर विषय पुढच्या स्टेशनला गेलेला असायचा. म्हणून मी खिडकी पकडून गप्प बसायचे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव ‘खिडकी’ ठेवलं.

बाई शहरातल्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. ड्रिलच्या बाई. डब्यात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेले मामूसुद्धा कधी बाजी, म्हणजे ताई, तर कधी बाई म्हणत. मामूंचं गुलमंडीवर टेलरिंगचं दुकान होतं. रोज प्लॅटफॉर्मवर आले की ते पहिला प्रश्न बाईंनाच विचारत.

“बाजी, आज क्या बोलती तुमारी गाडी?”

आणि बाई सांगत. त्यांचे अंदाज गाडीच्या ॲपवर नसत. “ते मोबाइल दिल्लीत बसून सांगतंय, त्याला इथलं काय कळतंय?” त्यांच्या खुणा वेगळ्या होत्या. प्लॅटफॉर्मवरचं काळं कुत्रं उठून उभं राहिलं की गाडी निघाली. भेळवाल्यानं कांदा चिरायला घेतला की गाडी मागच्या स्टेशनात. हवा पूर्वेची असली की ड्रायव्हर खुशीत. हे सगळं त्या इतक्या खात्रीनं सांगत की मला पहिला आठवडाभर वाटलं, या बाईंना खरंच काहीतरी कळतं.

मग लक्षात आलं की बाई कायम चुकतात. अधूनमधून नाही, कायम. आणि ही गोष्ट त्या सोडून सगळ्यांना माहीत होती. बाई “येतीच” म्हणाल्या की लोक चहा सांगत, फोन लावत, कुणी तर बाहेर जाऊन भाजी घेऊन येई. बाई “आज जरा वेळ हाय” म्हणाल्या की सगळे पटापट पिशव्या उचलून उभे राहत. उलटं धरलं की त्यांच्यासारखा भरवशाचा अंदाज त्या स्टेशनवर कुणाचा नव्हता.

मात्र त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. लेट. गाडी लेट आहे, असं कुणी चुकून म्हणालं तर बाई शिट्टी वाजवत. खरोखरची, मैदानावरची, कानठळ्या बसवणारी शिट्टी.

“लेट नाय. दमानं यायलीय.”

“बाई, पाऊण तास झाला.”

“मग? सगळ्यांना वाट देऊन येती बिचारी. एक्स्प्रेस आली, हो बाजूला. मालगाडी आली, हो बाजूला. घरातल्या थोरल्या सुनेसारखं हाय तिचं. सगळ्यांचं झालं की मग तिनं जेवायचं. आणि वर तुम्ही तिलाच बोलायचं, उशिरा जेवली म्हणून?”

हे खरंच होतं. आमच्याकडे एकेरी लाईन. समोरून किंवा मागून मोठी गाडी यायची असली की पॅसेंजरला एखाद्या आडगावच्या स्टेशनात बाजूला उभं करतात. त्याला आमच्या डब्यात ‘क्रॉसिंगला टाकली’ म्हणत. एकदा टाकली की किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नसे. गाडी शेवटी स्टेशनात शिरली की बाई पुढे होऊन डब्यावर दोन थापा मारत आणि मोठ्यानं विचारत, “आलीस का बया? जेवलीस का?” नवीन माणसं दचकून बघत. आम्ही चढून जागा धरत असू.

एकदाच त्यांनी मला कारण सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं. मी कधी काही विचारतच नव्हते. त्या दिवशी डब्यात गर्दी नव्हती आणि गाडी क्रॉसिंगला उभी होती.

“आमच्या गावात दहावीच्या पुढं काय नव्हतं,” त्या म्हणाल्या. “एसटी यायची, ती बी पाऊस नसला तर. या गाडीचा पास काढला म्हणून माझं कॉलेज झालं, बी.पी.एड. झालं, नोकरी लागली. आमच्या खानदानात मी पहिली सरकारी पगार घेणारी बाई. बापानं बाबासाहेबांच्या फोटोपुढं पेढे ठेवले होते. आता जिनं मला इथवर आणून सोडलं, तिला मी रोज उठून नावं ठेवू व्हय, खिडकी?”

मी मान हलवली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू मान लई छान हलवतीस.”

मला बोलतं करायचे त्यांचे प्रयत्न चालूच असत. गाडी सुटली की त्या डब्यात हजेरी घेत. “मामू?” “हौ.” “बँक?” “हजर.” “खिडकी?” मी हात वर करायचे. “तोंड नाय का? हात वर करून काय पाणी मागायलीस?” सगळे हसायचे, मीही हसायचे, पण आवाज न करता.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट डब्यात फार सांगितली जायची आणि मला ती बनावट वाटायची. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना मैदानाची एक फेरी, हा बाईंचा नियम. आता गाडी दमानं आली की बाईंना स्वतःलाच उशीर होणार. तेव्हा म्हणे त्या फाटकातून आत आल्या की पर्स शिपायाच्या हातात देतात, पदर खोचतात आणि उशिरा आलेल्या मुलांच्या पुढे स्वतः फेरी मारतात. एकदा ऑफिसच्या कामासाठी मी रिक्षानं त्यांच्या शाळेवरून चालले होते. कुंपणाच्या जाळीतून मला दिसलं. पुढे बाई, पांढरे बूट धुळीत थपथप आपटत, तोंडात शिट्टी, आणि मागे दहा-बारा मुलं, धापा टाकत आणि हसत. रिक्षावाला म्हणाला, “रोज का है ये.” संध्याकाळी मी काही बोलले नाही. पण त्यानंतर बाई “डॉक्टर विचारतात शुगर कशी काय ताब्यात, मी म्हणते पॅसेंजरची कृपा” असं म्हणाल्या की मला ते मनापासून पटायचं.

पल्लवी माझ्यासमोरच्या बाकावर बसायची. ती शहरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि माझ्या दोन स्टेशनं आधी उतरायची. तिचं स्टेशन म्हणजे एक खोली, एक बाक आणि भोवती कपाशीचं रान. गाव तिथून बरंच आत. ती मराठी शाळेतून आलेली आणि कॉलेजची पुस्तकं इंग्रजी; गाडी उभी राहिली की ती पाठ करत बसायची. एखादा शब्द अडला की ती पुस्तक माझ्याकडे सरकवायची, शब्दावर बोट ठेवायची. मी तो हळूच म्हणून दाखवायचे. आमची मैत्री एवढ्यावरच होती आणि मला ती पुरेशी वाटायची. डब्यात मी जे काही बोलायचे ते बहुतेक तिच्या बोटाखालचे शब्द.

दिवस लहान झाले तसं तिच्या स्टेशनला पोचेपर्यंत अंधार पडायला लागला. तिचा काका मोटरसायकल घेऊन स्टेशनच्या पलीकडे रस्त्यावर उभा असायचा. प्लॅटफॉर्मवरून तो दिसायचा नाही. म्हणून बाईंनी एक पद्धत पाडली. पल्लवी उतरली की बाई दारात उभ्या राहून शिट्टी मारायच्या. पलीकडून काकाचा हॉर्न वाजला की बाई म्हणायच्या, “पावती आली,” आणि आत येऊन बसायच्या.

बाईंच्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाच्याच आली नव्हती. गावातल्या लोकांना बाई दिसत नव्हत्या. त्यांना फक्त ऐकू येत होतं. रोज अंधारात गाडी येते, त्या अमक्याची पोरगी उतरते, आणि कुणीतरी शिट्टी मारतं.

एका संध्याकाळी काकाच्या जागी पल्लवीचे वडील आले. ते रस्त्यावर थांबले नाहीत, थेट प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहिले. पल्लवी उतरली. बाईंनी सवयीनं शिट्टी मारली. वडील दाराकडे बघतच राहिले.

“तुम्ही मारता का शिट्टी?”

“व्हय, मीच!” बाई अभिमानानं म्हणाल्या.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण ते जे विचारायला आले होते ते अजून राहिलंच होतं. “बाई, ही रोज अंधारात घरी येती. विचारलं तर म्हणती, गाडी लेट. रोजच कशी लेट असंल हो गाडी? गावात लोक म्हणायलेत, पोरगी टायमाची गाडी सोडून शहरात फिरती, मागच्या गाडीनं येती आणि नाव लेटचं सांगती.”

आता इथं बाईंनी एकच शब्द बोलायचा होता. गाडी हलायला लागली होती. मामू खिडकीतून ओरडले, “बाजी, हौ बोलो, हौ!” पण एवढ्या वर्षांची सवय एका क्षणात कशी जाणार? बाईंनी छाती काढली आणि सरळ सांगून टाकलं.

“लेट? नाय हो दादा! आमची गाडी लेट नसती!”

गाडीनं वेग घेतला. प्लॅटफॉर्मवर पल्लवी आणि तिचे वडील लहान होत गेले. मामूंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. बाई जागेवर येऊन बसल्या आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

दुसऱ्या दिवशी पल्लवीचे डोळे सुजलेले होते. “अण्णा म्हणाले, बाईच म्हणाल्या गाडी लेट नसते. म्हणजे तू खोटं बोलतीस. परीक्षा दे आणि घरी बस, पुढच्या वर्षी ॲडमिशन नाही.”

बाईंनी पल्लवीला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मग उठून उभ्या राहिल्या.

“बोलव तुझ्या अण्णांना. शनिवारी शहरात या म्हणावं, आणि आमच्याबरोबर याच गाडीनं परत चला. डोळ्यांनी बघा म्हणावं क्रॉसिंग काय असतंय ते. शनिवारी तर आपली गाडी हमखास दमानं येती.”

मामूंनी कपाळावर हात मारला. “हमखास बोल दिया बाजी ने. अब हो गया काम.”

पल्लवीचे अण्णा शनिवारी खरंच आले. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, हातात बियाण्याच्या दुकानाची पिशवी. बोलायला सभ्य. बाकावर अंग चोरून बसले, म्हणजे कुणाला त्रास नको. मला वाटलं होतं, रागीट माणूस असेल. तसं नव्हतं. त्यांना भांडायचं नव्हतं, खरं काय ते बघायचं होतं. “मलाबी पोरगी शिकायला हवीच हाय,” ते बाईंना म्हणाले. “पण भावकी रोज तोंडावर बोलती. त्यांना मी काय सांगू?”

“आता बघा तुम्ही,” बाई म्हणाल्या. “कुत्रं झोपलंय. भेळवाल्यानं कांद्याला हात लावला नाय. निवांत बसा.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी आली.

वेळेवर. मी मोबाइलमध्ये पाहिलं, मग स्टेशनच्या घड्याळात पाहिलं, मग पुन्हा मोबाइलमध्ये. त्या गाडीचा वेळापत्रकातला टाइम काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं. प्लॅटफॉर्मवर आम्ही पाच जण होतो. बँकवाले, दवाखान्यातल्या सिस्टर, भाजी घ्यायला गेलेले, सगळे नेहमीच्या हिशेबानं यायचे होते. बाईंनी डब्यावर थापा मारल्या नाहीत. त्या गाडीकडे अशा बघत होत्या, जणू घरची पोरगी पाहुण्यांसमोर नेमकं नको ते बोलली.

गाडी सुटली. बाईंचा फोन वाजला. बँकवाले होते. बाईंनी स्पीकर लावला.

“बाई, गाडी कुठपर्यंत आलीय?”

“गेली.”

“गेली म्हणजे? कुठं गेली?”

“अहो, आम्हाला घेऊन गेली! वेळेवर गेली!”

“चेष्टा करू नका बाई, मी आत्ता कुठं ऑफिसातून निघतोय.”

“ऐकलंत ना दादा?” बाई पल्लवीच्या वडिलांना म्हणाल्या. “रोजचा माणूस. गाडी वेळेवर आली तर चुकली त्याची.”

“फोनवर काय, कुणीबी काईबी बोलतंय,” ते शांतपणे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

एकच आशा होती, क्रॉसिंग. ते स्टेशन जवळ आलं तसे मामू पुटपुटायला लागले, मला वाटतं ते दुवा मागत होते. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. “थांब गं बये,” त्या म्हणत होत्या, “रोज थांबतीस, आज बी थांब. घटकाभर थांब.” गाडी थांबली, दोन माणसं उतरली, एक बाई कोंबडी घेऊन चढली, आणि गाडी लगेच सुटली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. रानातली माणसं हात डोळ्यांवर धरून आमच्या गाडीकडे बघत होती. त्यांनाही नवल वाटलं असणार.

बाई परत आल्या. उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“दादा,” त्या म्हणाल्या, “ही गाडी लेट असती.”

मामूंनी मान वर केली. इतक्या दिवसांत तो शब्द मी बाईंच्या तोंडून ऐकला नव्हता.

“लेट असती. रोज लेट असती. लई लेट असती. वीस-बावीस वर्षं मी हिच्यानं येती-जाती, हिनं मला एक दिवस टायमावर नेलं नाय. मी शाळेत रोज मैदानाला फेरी मारती हिच्यापायी.” त्यांनी पल्लवीकडे बोट केलं. “तुमच्या पोरीनं खोटं सांगितलं नाय. खोटं मी बोलले.”

“सच्ची बात है भाई,” मामू म्हणाले. “हौ. एकदम सच्ची.”

पल्लवीचे वडील एकदा बाईंकडे, एकदा मामूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी तुम्हीच म्हणल्या लेट नसती. आज म्हणता रोज लेट असती. आणि गाडी तर माझ्या डोळ्यांदेखत वेळेवर चाललीय. मी अडाणी माणूस, बाई. यातलं कोणतं धरू?”

बाईंनी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. पल्लवी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिचं स्टेशन पुढचंच होतं. कपाशीचं रान सुरू झालं होतं, गाडीचा वेग कमी व्हायला लागला होता. आता ते दोघं उतरणार, आणि सोमवारपासून परीक्षेपर्यंत जे काही थोडे दिवस उरले होते तेवढीच ती माझ्यासमोर बसणार.

उतरायला उठता उठता पल्लवीचे वडील माझ्याकडे वळले. “तुम्ही काही बोलल्या नाय, ताई. तुम्ही बी रोज असता का या गाडीला?”

मी सवयीनं मान हलवली.

“मग तुम्ही सांगा. ही खरंच रोज गाडीत बसून असती का एवढा वेळ?”

नुसतं ‘हो’ म्हणाले असते तर ते मामूंच्या ‘हौ’सारखंच एक झालं असतं. मी वाक्य तयार करायला घेतलं. नेहमीसारखं ते तपासायला गेले, आणि बाहेर तिच्या स्टेशनची ती एकच खोली दिसायला लागली. तपासायला वेळ नव्हता.

“काका,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला फार मोठा वाटला, “झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात.”

मामू पुटपुटले, “या अल्ला.” बाईंच्या मुठीतून शिट्टी सुटली आणि गळ्यात लोंबकळली.

“काय?” पल्लवीचे वडील म्हणाले. मग लेकीकडे वळून, “व्हय का गं?”

“व्हय अण्णा,” पल्लवी म्हणाली. “तेराच.”

“मी कॉमर्सची आहे, काका,” मी म्हणाले. “मला झुरळाचं कुणी काही शिकवलेलं नाही. गाडी क्रॉसिंगला उभी असते ना, तेव्हा ही माझ्यासमोर बसून मोठ्यानं पाठ करते, रोज, गाडी हलेपर्यंत. झुरळ झालं, गांडूळ झालं, आता बेडूक चालू आहे. हिला पुढच्या वर्षी पाठवलं नाही, तर माझा बेडूक अर्धाच राहील.”